नाक चढावर

काटा लाल पट्ट्यात,
आणि हीटरमधून येतोय गार वारा.
एकाच गाडीत, एकाच वेळी.
नारिनच्या बाजारापासून तिसऱ्या वळणावर
मी इंजिन बंद केलं.
मागच्या सीटवरच्या दोघी शिक्षिका
काही न बोलता उतरल्या,
दुसऱ्या गाडीला हात करून निघून गेल्या.
भाडं अर्धंच दिलं. तेही बरोबरच.

"काय केलंस नेमकं?"
मिर्लान फोनवर, येकातेरिनबुर्गच्या कुठल्याशा गोदामात,
त्याच्या मागे फोर्कलिफ्टची पींपीं.
जुनं कूलंट काढलं, तूच सांगितलंस तसं.
चहाच्या गाळासारखं आलं खाली.
तीनदा धुतलं, नितळ येईपर्यंत.
मग हिरवं भरलं, काठोकाठ.
"काठोकाठ?"
काठोकाठ.
"मग थर्मोस्टॅट गेला."
जरा वेळाने, "नाहीतर वॉटर पंप."
रात्री मेसेज: हेड गॅस्केट असेल तर विकून टाक.

ऑडी सत्त्याऐंशी सालची.
जाताना त्याने किल्ली खिळ्याला अडकवली,
परवा परत येणाऱ्या माणसासारखी.
चार वर्षं झाली.

सकाळी कुंपणावरून तोक्तोसून आला.
आयुष्यभर घोड्या राखल्या,
स्टिअरिंगला कधी हात लावला नाही.
उघड्या बॉनेटवर ओणवा होऊन
बराच वेळ नुसता बघत राहिला.
मग म्हणाला, "चालू कर जरा."
आणि नळ्या चाचपत गेला,
गाभण घोडीचं पोट चाचपावं तशा.
"ही पोळतेय. ही गार.
एकाच पोटातल्या ना दोन्ही?"
हो. हीटरला जाते ती, आणि हीटरकडून येते ती.
"मग मध्ये वारा धरलाय, बुरुल.
घोडीला असं झालं की बसू देत नाहीत,
चढावर नेतात, हळूहळू."

मला हसू आलं. पण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

इंजिन पार निवल्यावर
त्याच्या दोन नातवांनी आणि मी
गाडी ढकलली कबरस्तानाच्या चढापर्यंत,
नाक वर, मागच्या चाकांना दगड.
टाकीचं झाकण काढलं.
हीटर शेवटच्या खुणेवर.
किल्ली फिरवली आणि थांबलो.

काही नाही.
धाकटा नातू खडे मारत बसला.
म्हातारा वरची जाड नळी
दाबत होता, सोडत होता, दाबत होता,
धार काढणारी बोटं ती, त्यांना घाई माहीत नाही.

मग कुठूनतरी आत: बुडुक्.
टाकीत एक मोठा बुडबुडा आला, फुटला,
आणि हिरवं पाणी झर्रकन खाली गेलं,
तळ दिसेपर्यंत.
मी कॅन उचलला, ओतलं.
पुन्हा बुडुक्. पुन्हा खाली.
"अहो, काठोकाठ होतं की हे!"
"वरून," तो म्हणाला.

अडीच लिटर मावलं.
अडीच लिटरची जागा
गेले आठ दिवस कुणीच नव्हतं तिथे
आणि तरी भरलेली.

खालची नळी तापली, मग पंखा आपणहून लागला,
मग बंद झाला. काटा मधोमध येऊन बसला.
डॅशबोर्डच्या जाळीतून ऊब आली,
आधी धुळीची, मग रबराची,
मग मिर्लानच्या सिगरेटींची, इतक्या वर्षांनी.
तोक्तोसूनने जाळीपुढे तळवा धरला,
शिंगराच्या नाकपुडीपुढे धरतात तसा,
आणि पैसे विचारल्यावर
रागावून घरी गेला.

"काय निघालं शेवटी?" मिर्लानने विचारलं.
वारा.
फोर्कलिफ्ट पींपीं करत मागे गेली.
"एवढंच?"
एवढंच. तू कधी येतोयस?
"बघू," तो म्हणाला. "नाताळानंतर गोदामात गर्दी कमी असते."

सोमवारी साडेसहाला स्टँडवर त्याच दोघी.
एकमेकींकडे बघितलं, मग बसल्या.
बाहेर गवतावर पांढरं दंव.
घाटाच्या निम्म्यावर मोठीने मफलर सोडला,
धाकटीने कोटाची दोन बटणं,
आणि माझ्या खांद्याला बोट लावून म्हणाली,
"ताई, हीटर जरा कमी करता का?"